इंजिन डोलतंय? टॉर्क ब्रेसच्या आधी माउंटिंग बघा

टॉर्क ब्रेसबद्दल, म्हणजे इंजिनाचं डोलणं आवरायला त्याला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याबद्दल, एवढे प्रश्न साठलेत की या वेळचा सगळा मजकूर त्यांनाच देतो.

प्रश्न : माझी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय आहे. सिग्नल सुटला की गाडी हिसका देते. मित्र म्हणतो, टॉर्क ब्रेस बसव. पण बोनेटखाली स्ट्रट बार आधीच लावलेला आहे. मग हा वेगळा कशाला? – विलेपार्ले

उत्तर : दोघांचं काम वेगळं आहे. स्ट्रट बार डाव्या-उजव्या सस्पेन्शनच्या टॉवरना एकमेकांशी जखडतो, इंजिनाशी त्याला देणंघेणं नाही. टॉर्क ब्रेस इंजिनाला बॉडीशी धरून ठेवतो.

इंजिन चाकांना ज्या जोराने फिरवतं, त्याच जोराने ते स्वतः उलट्या दिशेला वळू बघतं. तुमच्या गाडीसारख्या आडव्या इंजिनात गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल इंजिनालाच जोडलेले असल्यामुळे हा जोर गिअरच्या पटीने वाढून माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्यावर येतो. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७५ न्यूटन-मीटर. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून समजा १४ पट धरली, तर २,४५० न्यूटन-मीटर होतात. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रबर हे दिवसभर सोसत असतं. ते फाटणारच.

तरीही ब्रेस घेऊ नका. तुमचं इंजिन वर दोन माउंटिंगवर टांगलेलं आहे आणि त्याचं डोलणं खालचा एक छोटा दुवा आवरतो. गॅरेजमध्ये त्याला डॉगबोन म्हणतात. आधी तो तपासा. बोनेट उघडा, जाणत्या माणसाला ब्रेक घट्ट दाबून बसवा आणि डी आणि आर आलटून पालटून टाकायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे नाही. इंजिन थोडं हलेल, ते ठीक. खालून ‘ठक्’ आवाज आला तर डॉगबोनचं बुश, म्हणजे त्याच्या टोकाचं रबर, गेलं. नवं टाका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेलं स्वस्तात मिळेल, पण रबराची वस्तू जुनी घ्यायची नसते. नव्यानेही समाधान झालं नाही, तर त्याच दुव्यात रबरापेक्षा कडक अशा पॉलीयुरेथेनचं बुश बसवता येतं. या रचनेत वरून दांडा लावण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आणखी एक. तुमच्या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. कासवगतीच्या ट्रॅफिकमध्ये तो क्लच स्वतःही थरथरतो. हिसका जर फक्त अगदी हळू चालताना येत असेल, तर दुखणं तिथलं असू शकतं. त्याच्यावर ब्रेस आणि बुश दोन्ही निरुपयोगी.

प्रश्न : ब्रेसने पिकअप वाढतो का? दुकानदार तसं सांगतो. – बोरिवली

उत्तर : नाही. ताकद होती तेवढीच राहते. अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन आधी डोलतं आणि मग गाडी पुढे जाते. तो मधला क्षण कमी झाला की गाडी चपळ वाटते. गिअर थोडा नेमका पडतो, चाकं जागच्या जागी उड्या मारत असतील तर तेही काहीसं कमी होतं. टर्बोच्या पाइपवर आणि एक्झॉस्टच्या लवचीक तुकड्यावर ताण कमी येतो. यासाठी घ्यायचा असेल तर घ्या.

प्रश्न : बाहेरून मागवलेला ब्रेस आला आहे. तीन-चार बोल्टचं काम दिसतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवू का? – मुलुंड

उत्तर : बसवा, पण घाई नको. रात्री बसवलेले ब्रेस सकाळी कुरकुरताना मी भरपूर ऐकले आहेत.

गाडी सपाट जागेवर हवी आणि इंजिन गार. मुलुंडच्या कित्येक सोसायट्यांत पार्किंगला उतार असतो, तिथे हे काम नको. आधी इंजिन चालू करून बंद करा, म्हणजे ते आपल्या नैसर्गिक जागी बसेल. मग ब्रेसचं एक टोक टॉवरच्या ब्रॅकेटला हातानेच लावा. दुसरं टोक इंजिनाच्या ब्रॅकेटपाशी आणा आणि मधला आट्याचा दांडा फिरवत लांबी जुळवा. लांबी बरोबर असल्याची खूण एकच: बोल्ट बोटांनी आरपार गेला पाहिजे. स्क्रू-ड्रायव्हरने भोक ओढून जुळवावं लागलं, तर तुम्ही इंजिनाला कायमचं एका बाजूला ओढून ठेवलंत. मग उभ्या गाडीतही स्टीअरिंग थरथरेल आणि चांगली माउंटिंग वर्षभरात जातील.

त्यानंतर दोन्ही लॉकनट आवळा. टॉवरवरचे नट सस्पेन्शनचे असतात, ते अंदाजाने नव्हे, मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनेच आवळायचे. ब्रॅकेटच्या जाडीमुळे नटाला पुरेसे आटे उरतात ना, हेही बघा; नट बोल्टच्या तोंडाशीच संपत असेल तर तो ब्रॅकेट परत पाठवा. इंजिनाकडचं टोक प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डवर किंवा टॅपेट कव्हरवर येत असेल, तरीही परत पाठवा. शेवटी ब्रेसवर मातीच्या गोळ्या ठेवून बोनेट हलकेच लावा आणि उघडा. गोळी किती चेपली त्यावरून जागा किती उरली ते कळतं.

शे-दीडशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा बघायचे. आपल्या खड्ड्यांत ते सैल होतातच.

प्रश्न : ब्रेस लावल्यापासून सायनच्या सिग्नलला एसी चालू असताना आरसा थरथरतो, डॅशबोर्ड गुणगुणतो. – चेंबूर

उत्तर : इंजिनाकडचा बोल्ट सैल करा. तो झटकन सरकला तर वर सांगितलेली लांबीची चूक आहे. तसं नसेल तर बुश फार कडक आहे. पॉलीयुरेथेनचा कडकपणा शोअर ए मापात मोजतात. रोजच्या गाडीला साधारण ७० च्या आसपासचं सोसतं, ९० चं ट्रॅकवरच्या गाडीला. कंपनीने एवढा खर्च करून रबर घातलं ते थरथर तुमच्यापर्यंत येऊ नये म्हणून. तुम्ही त्याला वळसा घालून नवा रस्ता काढून दिलात, थोडी थरथर येणारच. अजिबात नको असेल तर दांड्याऐवजी छोट्या शॉकअॅब्सॉर्बरसारखा डॅम्पर असलेला प्रकार घ्या. तो बारीक कंपनं बरीचशी सोडून देतो आणि मोठा हेलकावा धरतो. महाग आहे.

प्रश्न : मस्टँग जीटी आहे. जागेवर रेस केलं की इंजिनाची डावी बाजू वर उचलते. धोका आहे का? – वरळी

उत्तर : गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनाचं ते रोजचं वागणं आहे, क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) ज्या दिशेला फिरते त्याच्या उलट इंजिन कलतं. थोडं उचललं तर काळजी नको. उचलून दणकन खाली आदळत असेल किंवा माउंटिंगखाली तेलकट ओघळ दिसत असेल, तर माउंटिंगच्या आतलं द्रव गळून गेलंय. नवं माउंटिंग टाका. कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा आहे, तेवढ्यासाठी ब्रेस लागत नाही.

प्रश्न : आरटीओ आणि विमा? – दादर

उत्तर : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार करू देत नाही. बोल्टवर बसणाऱ्या ब्रेसने त्यातलं काही बदलत नाही. मात्र बॉडीला भोक पाडावं लागणारा किंवा वेल्डिंगचा ब्रेस घेऊ नका. विमा कंपनीला आधीच ई-मेलने कळवा. वॉरंटीत असाल तर माउंटिंगचा किंवा गिअरबॉक्सचा दावा अडकू शकतो, हे धरून चाला.

प्रश्न : गाडी विकताना ब्रेसचे पैसे वेगळे मिळतील? – ठाणे

उत्तर : नाही. उलट लोक विचारतील की गाडी किती रगडली आहे. काढून ठेवा, मूळ बोल्ट परत लावा आणि ब्रेस वेगळा विका.