आवडत्या रंगावरून स्वभाव ओळखता येतो का? आणि रोजच्या आयुष्यात इतरांना सहज मदत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला निळा रंग आवडतो, त्यावरून तुमचा स्वभाव कसा असेल, आणि त्या स्वभावाला साजेशी रोज जमेल अशी मदत इतरांना कशी करता येईल. पहिल्या भागाचं उत्तर देऊन टाकतो. निळा आवडतो यावरून एवढंच कळतं की तुम्हाला निळा आवडतो. देशोदेशी झालेल्या पाहण्यांमध्ये लोकांचा लाडका रंग म्हणून बहुतेक वेळा निळाच वर येतो. निळा आवडणारी माणसं शांत, विश्वासू आणि खोल विचारांची असती, तर जगात भांडायला माणूस मिळाला नसता.

दुसऱ्या भागाकडे येतोच, पण आधी मला जरा मोकळं होऊ द्या. मी रंगांधळा आहे. सगळं कृष्णधवल दिसतं असं नाही (हे प्रत्येकाला सांगावं लागतं). लाल, हिरवा आणि तपकिरी ही मंडळी माझ्याकडे एकच वेश घालून येतात, निळा आणि पिवळा मात्र झकास दिसतात. आणि माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, रंगांवरून माणसं ओळखतात. आता कळलं असेल की तुमचा प्रश्न मला कुठे लागला.

भाऊजी कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आले आणि येताना आठ रंगांच्या पत्त्यांचा संच घेऊन आले. ही कल्पना मूळची माक्स ल्यूशर या स्विस मानसशास्त्रज्ञाची, 1947 मधली. पत्ते आवडीच्या क्रमाने लावायचे. निळा म्हणजे शांतता, हिरवा म्हणजे चिकाटी, लाल म्हणजे जोम, पिवळा म्हणजे आशा, आणि त्या क्रमावरून माणसाचं मन वाचायचं. दुसऱ्या मान्यताप्राप्त व्यक्तिमत्त्व चाचण्यांशी ताडून बघितलं तेव्हा या पत्त्यांचे निष्कर्ष त्यांच्याशी फारसे जुळले नाहीत. पण कार्यशाळेत हे कोण सांगणार?

सगळे जमलो होतो तेव्हा भाऊजींनी पत्ते टेबलावर मांडले. मला म्हणाले, "विचार करू नकोस. जवळचा वाटेल तो आधी उचल." मी निळा उचलला, मग पिवळा, मग काळा. उरलेल्यांत लाल कोणता आणि तपकिरी कोणता या भानगडीत न पडता हाताला येतील तसे उचलून मोकळा झालो. भाऊजींनी वही उघडली आणि निदान केलं. लाल सगळ्यात शेवटी, म्हणजे उमेद खचलेली. हिरवा त्याच्या अलीकडे, म्हणजे स्वतःच्या मतावर ठाम राहायची ताकद नाही. काळा इतका वर, म्हणजे मनात सगळ्यांविषयी राग. "तुझं नोकरीत का अडलंय ते आज कळलं," हे वरून.

मी म्हटलं, "अहो भाऊजी, यातला लाल कुठला हेच मला कळत नाही."

त्यावर ते म्हणाले, "डोळ्यांना कळत नसेल. सुप्त मनाला बरोबर कळतं."

या वाक्याशी मी आजतागायत भांडतो आहे. मनाला रंग कळतो तो डोळ्यांतूनच. दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि त्या तिघींच्या संदेशांतला फरक मोजून मेंदू रंग ठरवतो. माझ्या दोन प्रकारच्या पेशी जवळजवळ सारखाच संदेश पाठवतात. फरकच नाही तर मेंदू मोजणार काय? सुप्त मनाला डोळे टाळून जाणारी निराळी वाट कुणी काढून दिलेली नाही.

माझ्यापुरतं असतं तर मी सोडूनही दिलं असतं. पण माझ्यानंतर भाच्याची पाळी आली. तो तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता. त्यानेही निळा उचलला, मग पिवळा, आणि बाकीच्या पत्त्यांवर त्याचा हात घुटमळायला लागला. घरातले सगळे हसले. "मामावर गेलाय हो!" भाऊजी हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मलाही हसू आलं नाही, पण माझं कारण वेगळं होतं.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. पोराने शाळेत झाड काढलं होतं, पानं तपकिरी आणि खोड हिरवं. शिक्षिकेने खाली 'लक्ष नाही' असा शेरा मारला होता. भाऊजींचं वाचन त्याहून खोल: तपकिरी म्हणजे असुरक्षित वाटतंय, मूल मनातून कोमेजलंय. उपाय म्हणून त्याच्या खोलीची भिंत केशरी रंगवून घेतली, उत्साह यावा म्हणून. ती भिंत त्याला मळकट पिवळी दिसत असणार. हे मी पैजेवर सांगतो, कारण मला ती तशीच दिसते.

मी सरळ म्हटलं की त्याचे डोळे तपासून घ्या. मोठा वाद झाला. माझं न्यून मी त्यांच्या मुलावर लादतोय, असं भाऊजी म्हणाले. "आमच्या घराण्यात असलं काही नाही," हेही म्हणाले. आता हे खरं आहे आणि त्याचा इथे काडीचाही संबंध नाही. लाल-हिरव्याच्या गोंधळाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. बापाकडून वाय येतो. आमच्या आईच्या वडिलांना हाच त्रास होता, तो आईमार्फत मला आला आणि ताईमार्फत पोराला. बाईला दोन एक्स असल्यामुळे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून आईला आणि ताईला सगळे रंग व्यवस्थित दिसतात. म्हणूनच हे पुरुषांत इतकं जास्त: उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे 8 टक्के पुरुष आणि अर्धा टक्का बायका. इतर समाजांत प्रमाण थोडं कमी, पण शाळेच्या एखाद्या मोठ्या वर्गात असा एक मुलगा सापडणं मुळीच नवलाचं नाही.

शेवटी ताईच त्याला घेऊन गेली. मी बरोबर होतो आणि भाऊजीही आले, बहुधा मला खोटं पडताना बघायला. डॉक्टरांनी ठिपक्यांची पुस्तिका काढली. जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी अजूनही जगभर वापरतात. पहिल्या पानावर 12 हा आकडा असतो. पोराने तो फटकन वाचला. भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! मी गप्प बसलो, कारण पहिलं पान सगळ्यांनाच वाचता येतं, तसंच ते केलेलं असतं. दुसऱ्या पानावर 8 होता. पोर म्हणालं, "तीन." भाऊजी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "अरे, नीट बघ!" पोराने पुन्हा बघितलं आणि पुन्हा "तीन" म्हणालं. मलाही तिथे तीनच दिसतो.

निदान झालं. पण 'मूल कोमेजलंय' हे भाऊजींच्या डोक्यातून जाता जाईना. "रंग दिसत नाहीत ते ठीक, पण स्वभाव तसाच आहे ना? मी म्हटलं तसाच अबोल आहे." अहो, ज्या पोराला प्रत्येक चित्रावर बोलणी खावी लागतात ते अबोल होणार नाही तर काय?

'माझ्या बाबतीत तर अगदी बरोबर निघालं' असं म्हणणाऱ्यांसाठी 1948 चा एक प्रयोग सांगतो. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून एक चाचणी लिहून घेतली आणि नंतर प्रत्येकाला 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकेक कागद दिला. किती जुळलं याला 5 पैकी गुण द्या म्हणाले. सरासरी आली 4.26. मग उघड केलं की सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, बराचसा एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. 'तुम्ही वरून शांत दिसता पण आतून काळजी करता' हे कोणाला लागू पडत नाही? भाऊजींची वही याच वाक्यांनी भरलेली आहे.

आणखी एक गोष्ट मला सांगायला फार आवडते. जॉन डाल्टन, अणुसिद्धांतवाला, रंगांधळा होता आणि 1794 मध्ये या दोषाचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्यानेच स्वतःवरून केलं. तो क्वेकर पंथाचा, म्हणजे साधे, फिके कपडे घालणाऱ्या लोकांतला. 1834 मध्ये तो इंग्लंडच्या राजाच्या भेटीला ऑक्सफर्डच्या मानद पदवीचा भडक लाल झगा घालून गेला. त्याला तो भडक दिसतच नव्हता. भाऊजी तिथे असते तर म्हणाले असते, बघा, महत्त्वाकांक्षा उफाळून आली! आपल्या डोळ्यांतला द्रव निळसर असावा, असा डाल्टनचा तर्क होता, आणि मेल्यावर तपासा असं त्याने सांगून ठेवलं होतं. 1844 मध्ये तो गेला, द्रव तपासला, तर अगदी स्वच्छ निघाला. खरं कारण त्याच्या जपून ठेवलेल्या डोळ्याच्या डीएनएवरून 1995 मध्ये कळलं.

आता मदत. पैसा नको, वेळ फार नको, रोज जमेल असं तुम्हाला हवंय. मग रंगापासूनच सुरुवात करा.

कोणाला काही दाखवताना फक्त रंगाने दाखवू नका. 'लाल बटण दाबा' ऐवजी 'डावीकडचं बटण दाबा'. 'हिरव्या रेषेत आपली वाढ दिसते' म्हणण्याआधी त्या रेषेवर तिचं नाव लिहा, किंवा एक रेष सलग आणि दुसरी तुटक काढा. तक्त्यात चुकलेले आकडे नुसते लाल करू नका, शेजारी एखादी खूण ठेवा. चार्जरचा दिवा लाल आहे की हिरवा असं मला विचारू नका, चार्जिंग झालं का ते स्वतः बघून सांगा. मुलांच्या रंगपेन्सिलींवर रंगाचं नाव लिहिलेलं असेल असे संच आणा, नसेल तर पट्टी चिकटवून लिहा. माझ्या ऑफिसात माझ्या हाताखालच्या एका मुलीने मी न सांगता सगळ्या तक्त्यांमध्ये गोल, चौकोन, त्रिकोण घातले. कोणासाठी केलं याचा उच्चारही केला नाही. इतकी वर्षं मदत म्हणून जे जे माझ्या वाट्याला आलं त्यात याला तोड नाही.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. एखादा रंगांधळा आहे हे कळल्यावर 'मग हा कोणता रंग? आणि हा?' हा खेळ सुरू करू नका. प्रत्येक जण करतो आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच सुचलं.

घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांच्या डोळ्यांचाही विचार करा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, त्यामुळे गडद निळा आणि काळा वेगळा ओळखणं अवघड होतं. 'निळ्या झाकणाची बाटली' असं सांगून बाहेर पडू नका. औषधाचं नाव आणि वेळ मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. पायरीच्या कडेला पायरीपेक्षा ठळकपणे वेगळी दिसणारी पट्टी लावा. रात्री रस्त्यावरून चालताना तुम्ही स्वतः फिके कपडे घाला, ही समोरच्या वाहनचालकाला केलेली मदतच आहे. तुमच्या स्वभावाचा रंग कोणताही असो, अंधारात गडद निळा दिसत नाही.

बाकी मदतीचं काय सांगू? वजन उचलू लागा, रांगेत जागा द्या, विचारपूस करा, हे तुम्हालाही माहीत आहे. फक्त मदत करण्याआधी 'हवी आहे का?' असं विचारा. भाऊजींनी भिंत रंगवण्याआधी पोराला विचारलं असतं तर त्याने निळी सांगितली असती.

थोडं सावरून घेतो, नाहीतर खाली टिप्पण्यांत धुलाई होईल. रंगाचा माणसावर काहीच परिणाम होत नाही असं माझं म्हणणं नाही. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध, कुस्ती वगैरे खेळांत लाल की निळा पोशाख हे आवडीवर नव्हतं, ते ठरवून दिलेलं होतं, आणि लालवाले सुमारे 55 टक्के लढती जिंकले असं दोन ब्रिटिश संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं. पण तो समोर दिसणाऱ्या रंगाचा परिणाम झाला. त्यावरून खेळाडूचा स्वभाव सांगता येत नाही. दुसरं म्हणजे माझ्यासारखा जन्मजात दोष वाढत नाही आणि बरा होत नाही, पण मोठेपणी एकाएकी रंग फिके किंवा वेगळे दिसू लागले तर ते दुसऱ्या कशाचं तरी लक्षण असू शकतं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तिसरं, रंगांधळ्यांसाठी म्हणून मिळणारे चष्मे काही छटांतला फरक ठळक करतात, इतरांसारखी नजर देत नाहीत. भाऊजींनी तो महागडा चष्माही आणलाय. पोर तो खेळण्यातल्या अस्वलाला घालतं.

भाऊजी हे उत्तर वाचणार, ताई वाचायला लावणारच. भाऊजी, डॉक्टरांनी शाळेसाठी दिलेली चिठ्ठी अजून तुमच्या पत्त्यांच्या डब्यात पडून आहे. उद्या शिक्षिकेला नेऊन द्या. नाहीतर मी देतो, आणि मग मामाने मध्ये तोंड घातलं म्हणून रागावू नका.