दोन फुटी फिशटँक आहे, साधा एलईडी, सीओटू नाही. दगडांवर लावायला कोणत्या छोट्या पाणवनस्पती घ्याव्यात?

सीओटू, म्हणजे झाडांसाठी पाण्यात वेगळा सोडायचा कार्बन डायऑक्साइड वायू, नाही म्हटल्यावर निम्मी निवड झालीच. दगडांवर हिरवा गालिचा पसरलेल्या टाक्यांचे फोटो पाहून भुलू नका. त्यातली मॉन्टे कार्लो किंवा क्यूबा ही नाजूक झाडं साध्या उजेडात हळूहळू पिवळी पडतात आणि मग सुटी होऊन तरंगतात.

तुम्हाला हवीत ती मातीशिवाय जगणारी झाडं. त्यांना आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं खोड असतं, दुकानात त्याला रायझोम म्हणतात. त्यातून पानं वर येतात आणि मुळं खाली जाऊन दगड पकडतात. लागणारं अन्न ती पाण्यातूनच घेतात, त्यामुळे टाकीत मासे असतील तर वेगळं खत फारसं लागत नाही. रायझोम मात्र वाळूत पुरायचा नाही. पुरला की सडलाच.

माझं पहिलं मत अनुबियास नाना पेटिटला. मूळ झाड पश्चिम आफ्रिकेतलं, पेटिट हा त्याचा बुटका प्रकार. पान अंगठ्याच्या नखाएवढं, जाड आणि चिवट. गोल्डफिशसुद्धा सहसा त्याच्या वाटेला जात नाही. वाढ अगदी संथ, महिन्याला एखाद-दुसरं पान, म्हणजे छाटणीची कटकट नाही. पण तेच पान महिनोन् महिने तिथेच असतं आणि उजेड जास्त झाला की त्यावर शेवाळाचे कडक हिरवे ठिपके बसतात, जे बोटाने घासून निघत नाहीत. म्हणून हा दगड लाइटच्या थेट खाली न ठेवता लाकडाच्या किंवा मोठ्या पानांच्या सावलीत ठेवा, आणि लाइट दिवसाला सहा-सात तासच.

बजेट असेल तर बुसेफॅलँड्रा. बोर्निओच्या ओढ्यांत खडकांवरच वाढणारं झाड, काही प्रकारांच्या पानांवर निळसर झाक येते. जागा बदलली की पानं टाकतं, पण रायझोम टणक असला तर पुन्हा फुटतं. जावा फर्न दोन फुटी टाकीत छोट्या दगडावर शोभत नाही, उंच होतो. मागच्या मोठ्या दगडावर लावा. त्याच्या पानाखाली काळसर ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर रोग समजून कापू नका, ते बीजाणू असतात.

मॉस हवंच असेल तर जावा मॉस. जाड गठ्ठा बांधला तर खालचा थर कुजतो, म्हणून कात्रीने बारीक करून दगड जेमतेम झाकेल इतकाच थर पसरा आणि दोऱ्याने गुंडाळा. फिसिडेन्स हे दुसरं मॉस दिसायला फार सुंदर, पण त्याला गार पाणी लागतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्याचे हाल होतात.

आपल्या सह्याद्रीतलं एक झाडही जगभरच्या टाक्यांत पोचलंय, हायग्रोफिला पिनाटिफिडा. नेच्यासारखी कातरलेली तपकिरी पानं, आणि दगडावर छान चिकटतं. फक्त सीओटूशिवाय ते किडकिडीत राहतं, म्हणून तुम्हाला सुचवत नाही.

दगडासाठी पैसे घालवायची गरज नाही. आपला काळा पाषाण उत्तम, खडबडीत असला तर अजून चांगला. फक्त त्यात पांढरे स्फटिक असतील तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फसफसलं तर तो दगड राहू दे, त्यातला चुना पाणी जड करतो.

चिकटवायला फेविक्विकचा जेल प्रकार घ्या, पातळ असलं की ओघळतं. मुळं आणि दगड टिश्यूने टिपा, रायझोमच्या खालच्या बाजूला एक-दोन ठिपके लावा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि टाकीत सोडा. पाण्यात गोंद पांढरा दिसतो, पुढे मुळांखाली झाकला जातो.

घेताना रायझोम बोटाने दाबून बघा. मऊ लागला किंवा वास आला तर झाड फुकट मिळालं तरी नको. नर्सरीत ही झाडं बहुधा पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे सुरुवातीला जुनी पानं गळतील. टोकाला नवा कोंब येतोय ना, तेवढंच बघा.