भावांची बोलचाल बंद; घरची प्रार्थना कशी करावी?

प्रश्न: शेताच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) वादातून आम्हा भावांची बोलचाल बंद आहे. सायंकाळच्या घरच्या प्रार्थनेत काय म्हणावं? – वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: दहा मिनिटं पुरेत. आधी बायबलमधलं स्तोत्र 133 मोठ्यानं वाचा. तीनच वचनं आहेत, भावांच्या एकोप्याचीच. मग दोन मिनिटं शांत बसून फक्त स्वतःची चूक देवापुढे ठेवा. बिघडतं ते इथेच. ‘प्रभू, त्याला सुबुद्धी दे’ म्हटलं की प्रार्थनेचा टोमणा होतो, अन् भिंतीपलीकडे तो ऐकूही जातो! त्यापेक्षा भावाचं नाव घेऊन त्याच्या लेकरांसाठी, त्याच्या कपाशीसाठी आशीर्वाद मागा. शेवटी प्रभूची प्रार्थना, येशूनं शिष्यांना शिकवलेली. ऋण सोडण्याच्या, म्हणजे क्षमेच्या ओळीवर जरा थांबा. बायबलमधल्याच मत्तय 5:23-24 मध्ये अर्पणाआधी समेट सांगितला आहे. म्हणून रविवारच्या उपासनेआधी एकट्यानंच त्याच्याकडे जा, धुऱ्याचा विषय न काढता. घरात मारहाण होत असेल तर मात्र प्रार्थनेसोबत 112 लावा.