परदेशी निघालात? आधी लायसन्स बघून घ्या

सोलापुरातून शिकायला, नोकरीला किंवा लग्न होऊन बाहेरदेशी जाणाऱ्यांची पत्रं आमच्याकडं नेहमी येतात. यावेळी त्यातली गाडीच्या लायसन्सबद्दलची एकत्र घेतली आहेत. व्हिसा, तिकीट, चटण्या-पापड सगळं यादीत असतं. लायसन्स मात्र पाकिटात आहेच म्हणून कुणी उलटून बघत नाही.

प्रश्न (जुळे सोलापूर): मुलगा नोकरीसाठी जर्मनीला चाललाय. एजंट म्हणतो, आरटीओतून इंटरनॅशनल लायसन्स काढलं की बास, तिथं वर्षभर काही बघायला नको. खरं आहे का?

उत्तर: अर्धंच खरं आहे. ज्याला आपण इंटरनॅशनल लायसन्स म्हणतो ते स्वतंत्र लायसन्स नव्हे, छोट्या पुस्तिकेच्या रूपातला परवाना (परमिट) आहे. तुमच्या भारतीय लायसन्सवर काय लिहिलंय ते परदेशातल्या पोलिसाला कळावं एवढंच त्याचं काम. मूळ कार्ड जवळ नसेल तर या पुस्तिकेला किंमत नाही. आणि किती दिवस गाडी चालवायची हे पुस्तिकेवरची तारीख ठरवत नाही, त्या देशाचा कायदा ठरवतो. पुस्तिकेवर एक वर्ष असलं तरी जर्मनीत राहायला गेल्यापासून भारतीय लायसन्स सहाच महिने चालतं. सातव्या महिन्यात गाडी चालवली तर तिथं तो विनालायसन्स गाडी चालवल्याचा गुन्हा ठरतो, नुसता दंड भरून सुटण्यातला विषय नाही. एजंटला हा फरक माहीत नसतो, किंवा सांगायचा नसतो.

पुस्तिका तरीही काढावी. लायसन्सच्या कामांसाठीच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज, 1000 रुपये फी, नमुना 4-अ, डॉक्टरांचा नमुना 1-अ, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि लायसन्सच्या प्रती. आपल्या एमएच-13 च्या लायसन्सवर हल्लीचा पत्ता सोलापूरचा नसेल, तर कुठल्या आरटीओकडं अर्ज जातोय ते फी भरण्याआधी बघा. मुदत काढल्या दिवसापासून एक वर्ष, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. म्हणून चार महिने आधी काढून ठेवण्यात तोटा आहे. व्हिसा हातात आला की काढा. इंटरनेटवर डॉलरमध्ये पैसे घेऊन ‘दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स’ घरपोच देणारे असतात. त्या छापील कार्डाला कायद्यात काही आधार नाही.

प्रश्न (होटगी रोड): जावई म्युनिकला आहेत, पाच महिने झाले. इथं दहा वर्षं गाडी चालवलीय. तिथं म्हणे पुन्हा परीक्षा द्यावी लागते. नुसतं बदलून मिळत नाही का?

उत्तर: नाही. ज्या देशांची लायसन्सं जर्मनी परीक्षेशिवाय बदलून देतं त्या यादीत भारत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एकच, पण मोठी आहे: नवख्या माणसाला जे ठरावीक तास आणि वर्ग सक्तीचे असतात, ते भारतीय लायसन्स असणाऱ्याला नाहीत. मात्र परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतच आणि त्यांच्या शिक्षकाला शेजारी बसवूनच द्यायची असते, त्यामुळं शाळेत नाव घालावंच लागतं.

अर्ज शहराच्या लायसन्स कार्यालयात. सोबत पासपोर्ट, तिथल्या पत्त्याच्या नोंदणीचा कागद, फोटो, मूळ लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर, डोळे तपासल्याचा दाखला आणि प्रथमोपचार वर्गाचा दाखला. हा वर्ग 45 मिनिटांच्या 9 तासिकांचा, म्हणजे एका दिवसाचा असतो. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून किंवा एडीएसी या तिथल्या मोटार क्लबकडून घ्यावं. घरच्या घरी केलेलं चालत नाही. अर्ज मंजूर होऊन यायलाच आठवडे जातात, त्यानंतर परीक्षेची तारीख. म्हणून पाचव्या महिन्यात सुरुवात करणं म्हणजे मधे काही काळ गाडी घरी ठेवणं आलंच. सहा महिने उलटले म्हणून सवलत जात नाही. परीक्षा नंतरही देता येते, फक्त तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. 30 प्रश्न असतात. चुकलेल्या प्रश्नाला 2 ते 5 दोषगुण; एकूण 10 पर्यंत चालतात, पण 5 गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज 10 असूनही नापास. हे 5 वाले प्रश्न बहुतेक ‘आधी कोण जाणार’ यावर असतात, आणि आपली माणसं नेमकी तिथंच घसरतात. कारण आपल्याकडं चौकात आधी जातो तो ज्याची गाडी मोठी किंवा हॉर्न मोठा. तिथं फलक किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो सायकलवाला का असेना. नुसतं जाऊ देऊन भागत नाही. रस्ता रिकामा असला तरी वेग कमी करून मान उजवीकडं वळवलेली परीक्षकाला दिसली पाहिजे.

प्रत्यक्ष परीक्षा 55 मिनिटांची. दहा वर्षं गाडी हाकलेला माणूस नापास होतो तो गाडी येत नाही म्हणून नव्हे, तर लागलेल्या सवयींमुळं. लेन बदलताना, वळताना, थांबलेली गाडी काढताना आरशात बघून झाल्यावर खांद्यावरून मागं बघावंच लागतं. आरशात न दिसणारा सायकलस्वार तिथंच असतो. उजवीकडं वळताना सरळ जाणारी सायकल आडवी आली तर परीक्षा तिथंच संपते. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर. महामार्गावर चढताना जोडरस्त्याच्या टोकाला जाऊन थांबायचं नाही, तिथंच वेग घेऊन वाहतुकीत मिसळायचं. आणि फार हळू चालवणं हीही चूक धरतात, हे आपल्याकडच्या सावध ड्रायव्हरना पटत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची काडी उजव्या हाताला, तिथं ती डाव्या हाताला. पहिले काही दिवस प्रत्येक वळणावर वायपर चालू होतात. हसण्यासारखं आहे, पण परीक्षेच्या दिवशी नको. पाच-सहा तास शिक्षकासोबत घ्या, सक्तीचे नसले तरी.

नवीन लायसन्स देताना ते कार्यालय भारतीय कार्ड काढून घेतं. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ रंगीत प्रत आधी ठेवा. ‘हरवलं’ म्हणून इथून दुसरं काढून ठेवण्याचा सल्ला काही लोक देतात. ते खोटं निवेदन ठरतं. त्या फंदात पडू नका.

प्रश्न (शेळगी): माझ्याकडं फक्त मोटारसायकलचं लायसन्स आहे. तीन महिन्यांनी जर्मनीला शिकायला जाणार. घाईनं कारचं काढून घेऊ का?

उत्तर: मोटारसायकलचं लायसन्स कारला कुठंच चालत नाही. कारचं काढायचं तर आत्ताच लर्निंग घ्या. पक्क्या परीक्षेआधी 30 दिवस जावे लागतात, म्हणून तीन महिन्यांत बसतं. जर्मनीत राहायला गेल्यावर सुट्टीत येऊन काढलेलं भारतीय लायसन्स तिथं धरत नाहीत, तेव्हा जाण्याआधीच हवं. पण चार दिवसांत शिकून घेतलेल्या लायसन्सवर तिथल्या रस्त्यावर एकट्यानं उतरू नका.

प्रश्न (सात रस्ता): मुलगी आणि जावई कॅनडात, टोरंटोजवळ. तिथं सांगितलं की लायसन्सचं पत्र आणा, मग थेट मोठी परीक्षा देता येईल. हे पत्र म्हणजे काय, आणि कुठं मिळतं?

उत्तर: टोरंटो ज्या ओंटारिओ प्रांतात आहे, तिथं नव्यानं राहायला आलेल्याला आपलं जुनं लायसन्स 60 दिवस चालतं. पुढं तिथली टप्प्याटप्प्यानं मिळणारी लायसन्सं आहेत: आधी डोळे आणि लेखी परीक्षा, मग लहान टप्पा, मग पूर्ण. लेखीत रस्त्यावरची चिन्हं 20 आणि नियम 20, प्रत्येक भागात किमान 16 बरोबर हवेत. नवख्याला टप्प्यांमधे महिनोन्‌महिने थांबावं लागतं. आधीचा अनुभव दाखवला तर हे थांबणं वाचतं, आणि दोन वर्षांपेक्षा जास्त अनुभव असेल तर थेट शेवटची परीक्षा देता येते. एका वर्षापेक्षा जास्त अनुभव सांगायचा असेल तर लायसन्स देणाऱ्या खात्याचं किंवा वकिलातीचं पत्र लागतं. तेच हे पत्र.

आपल्याकडं त्याला लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. अर्ज सारथीवर लायसन्सच्या सेवांमध्ये आहे, कागद आरटीओकडून मिळतो. कॅनडातल्या भारतीय वकिलातीमार्फतही पत्र मिळतं, पण वेळ आणि पैसा जास्त जातो. इथून निघण्याआधी घेतलेलं उत्तम. शिक्का आणि सही स्पष्ट हवी, मजकूर इंग्रजीत हवा.

अडतं कुठं ते सांगतो. पहिलं, तारीख. कार्ड नूतनीकरण किंवा पत्ताबदल करून नवीन घेतलं असेल तर वर दिसणारी तारीख नव्या कार्डाची असते. परदेशातला कारकून तीच धरतो आणि पंधरा वर्षांचा ड्रायव्हर सहा महिन्यांचा होतो. एक्स्ट्रॅक्टवर पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख आहे का ते काउंटरवरच वाचा. दुसरं, गाडीचा प्रकार. मोटारसायकल 2010 ची आणि कार 2022 ची नोंद असेल, तर कारचा अनुभव 2022 पासूनच. तिसरं, जुनी पुस्तक-लायसन्सं. हातानं लिहिलेल्या काही लायसन्सांची नोंद संगणकावर चढलेलीच नाही. सारथीवर नंबर टाकून ‘नोंद सापडत नाही’ आलं तर आधी आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्या. हे काम विमानाच्या आदल्या आठवड्यात होत नाही.

प्रश्न (विडी घरकुल): लेकीचं लग्न झालं, आता ती अमेरिकेत कॅलिफोर्नियात जाणार. नवऱ्याच्या नोकरीवरचा व्हिसा, तिला सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) मिळणार नाही म्हणतात. मग लायसन्स कसं मिळणार? आणि तिच्या लायसन्सवर माहेरचं नाव आहे.

उत्तर: नाव आधी. पासपोर्टवर सासरचं आणि लायसन्सवर माहेरचं, हा घोळ तिथल्या खिडकीवर निस्तरत नाही. पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच क्रमानं, लायसन्सवर करून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला लागेल. आपल्याकडं मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. पासपोर्टात ते ‘दिलेलं नाव’ या रकान्यात गेलंय का, हेही बघून घ्या, कारण अमेरिकेत तिचं पहिलं नाव म्हणून तेच सगळं छापलं जाईल.

नंबर नसला तरी लायसन्स मिळतं. कायदेशीर वास्तव्याची कागदपत्रं, म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशाची आय-94 नोंद, एवढी दाखवावी लागतात. काही राज्यांत, नंबर मिळत नाही असं सोशल सिक्युरिटी कार्यालयाचं पत्रही मागतात; ते फुकट मिळतं. विमानातून उतरल्या दुसऱ्याच दिवशी अर्जाला जाऊ नये. प्रवेशाची नोंद सरकारी संगणकात सगळीकडं पोहोचायला काही दिवस लागतात, आणि तोवर तपासणीत अर्ज अडकतो. लायसन्सची मुदतही बहुधा आय-94 वरच्या तारखेइतकीच देतात. व्हिसा वाढला की लायसन्सही वाढवायचं, हे लक्षात ठेवावं लागतं.

मुदतीचे नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यावर 10 दिवसांत अर्ज करायचा असतो. न्यू जर्सीत 60 दिवस, टेक्सासात 90. शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणीचा सल्ला इथं उपयोगाचा नाही. प्रत्यक्ष परीक्षेला स्वतःची किंवा ओळखीची, विमा आणि नोंदणी चालू असलेली गाडी न्यावी लागते, आणि तिथवर लायसन्स असलेल्यानं सोबत यावं लागतं. ‘स्टॉप’च्या फलकापाशी चाक पूर्ण थांबलं पाहिजे, हळू करून पुढं जाणं म्हणजे नापास. चार बाजूंनी स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी जातो. लाल दिवे लावून थांबलेली शाळेची बस दिसली तर समोरून येणाऱ्यानंही थांबायचं. मधे दुभाजक असेल तर काय, हे त्या राज्याच्या पुस्तिकेत वाचावं.

प्रश्न (अशोक चौक): इंग्लंडला एक वर्ष भारतीय लायसन्स चालतं ना? मग घाई कशाला?

उत्तर: चालतं, राहायला गेल्यापासून 12 महिने. मधे सुट्टीला सोलापूरला येऊन गेलात म्हणून मोजणी पुन्हा सुरू होत नाही. घाई अशासाठी, की तिथं प्रत्यक्ष परीक्षेच्या तारखा कित्येक महिने पुढच्या मिळतात. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, मग लेखी (50 पैकी 43 बरोबर आणि त्यासोबत धोका ओळखण्याची व्हिडिओ परीक्षा), मग प्रत्यक्ष. पोहोचल्यावर पहिल्या दोन महिन्यांत प्रोव्हिजनलचा अर्ज केला तर वर्ष पुरतं. बारा महिने संपले की तुम्ही कायद्यानं शिकाऊ: गाडीला ‘एल’ची पाटी, शेजारी लायसन्सवाला. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीत दिली तर पुढं फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते; क्लचची सवय असेल तर ती मोडू नका.

प्रश्न (बाळे): मी दुबईला फिरायला गेलो तेव्हा भाड्यानं गाडी चालवली होती. आता तिथंच नोकरी लागलीय. तसंच चालेल की?

उत्तर: चालणार नाही. पर्यटक म्हणून इंटरनॅशनल परवान्यावर चालवता येते; राहण्याचा व्हिसा लागला की तिथलंच लायसन्स हवं. भारतीय लायसन्स असणाऱ्याला ‘गोल्डन चान्स’ म्हणून प्रशिक्षण न घेता एकदाच थेट परीक्षा देता येते. नापास झालात तर मग नेहमीचं पूर्ण प्रशिक्षण. म्हणून ती संधी पहिल्याच आठवड्यात वाया घालवू नका. आधी उजव्या बाजूनं चालण्याची आणि मोठ्या गोल चौकांत लेन धरून राहण्याची सवय एखाद्या शिक्षकासोबत करून घ्या.

प्रश्न (विजापूर रोड): मुलगा परदेशात असताना त्याचं भारतीय लायसन्स संपणार आहे. मग काय?

उत्तर: मुदत संपण्याआधी वर्षभर नूतनीकरण करता येतं, तेव्हा जायच्या आधीच उरकून टाका. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचा नमुना 1-अ लागतो. राहून गेलंच तर संपल्यापासून एका वर्षाच्या आत करून घ्या. त्यापुढं गेलं तर इथंही पुन्हा परीक्षा द्यावी लागते.