वाचक विचारतात : पारसिकच्या डोंगरातला हिरवा दगड

प्रश्न : पारसिक डोंगराच्या पायथ्याशी हिरव्या ठिपक्यांचा काळा दगड मिळाला. हा पृथ्वीच्या प्रावरणातला, म्हणजे भूकवचाखालच्या थरातला, तुकडा असेल का? अशा तुकड्यांवरून खंडाखालच्या शिलावरणाचे (भूकवच आणि त्याला चिकटलेल्या ताठ प्रावरणाचे) वय कसे काढतात?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : बहुधा नाही. ठिपक्यावर लोखंडी खिळा ओढून पाहा. हिरवट भुकटी पडली तर ते बेसॉल्टच्या पोकळीत साचलेले सेलॅडोनाइट हे मऊ खनिज. प्रावरणातल्या ऑलिव्हिन या हिरव्या खनिजावर खिळ्याचा ओरखडा उठत नाही. शिवाय प्रावरणाचा तुकडा, म्हणजे झेनोलिथ, सुट्या ठिपक्यांचा नसतो. खडीसाखरेसारखे एकमेकांत घट्ट बसलेले पोपटी दाणे, अधूनमधून पायरॉक्सिन खनिजाचा गडद हिरवा दाणा, आणि भोवतीच्या काळ्या खडकाशी स्पष्ट कड, असा तो दिसतो. आपल्याकडचा बहुतेक शिलारस भूकवचात थांबत थांबत वर आला. त्याच्याहून जड असलेले हे तुकडे अशा मुक्कामात तळाशी बसतात. मुरुड-जंजिऱ्याजवळ लॅम्प्रोफायर या अग्निज खडकाच्या भित्तींमध्ये (भेगांत शिरून गोठलेल्या पट्ट्यांमध्ये) मात्र ते सापडले आहेत.

आता वय. ते ऱ्हेनियम आणि ऑस्मियम या दोन धातूंवरून काढतात. प्रावरण अंशतः वितळले की ऱ्हेनियम शिलारसाबरोबर निघून जाते, ऑस्मियम मागे उरते. ऱ्हेनियम-187 पासून ऑस्मियम-187 होते. अर्धायुष्य सुमारे 4200 कोटी वर्षे. ऱ्हेनियमच गेले की ऑस्मियमच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) गुणोत्तर तिथेच थबकते आणि वितळण्याचा काळ सांगते. रुबिडियम-स्ट्रॉन्शियम या दुसऱ्या जोडीचा इथे भरवसा नाही, कारण नंतर झिरपलेला द्रव ते सहज बदलून टाकतो.

मोजणीसाठी आधी तुकड्याची बाहेरची कड करवतीने काढून टाका. तिथे किंबरलाइट, म्हणजे असे तुकडे खोलवरून वर आणणारा शिलारस, मुरलेला असतो. करवतीच्या खुणा घासून काढा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून फोडा आणि अगेटच्या खलात दळा. धातूच्या भांड्यातून परके ऱ्हेनियम येऊ शकते. 1-2 ग्रॅम भुकटी, तुलनेसाठी मोजून घातलेले समृद्ध समस्थानिक (ज्यात एकच समस्थानिक मुद्दाम वाढवलेला असतो असे ऱ्हेनियम व ऑस्मियम) आणि एक भाग हायड्रोक्लोरिकला दोन-तीन भाग नायट्रिक आम्ल जाड काचेच्या नळीत घालतात. नळी गोठवूनच सील करायची, नाहीतर ऑस्मियम टेट्रॉक्साइड उडून जाते. ते डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक आहे. नळीही फुटू शकते, म्हणून पोलादी आवरणात 220-240 अंश सेल्सियसवर दोन-तीन दिवस ठेवतात. हे काम सज्ज प्रयोगशाळेतच व्हावे, घरी अजिबात नको.

सगळ्यात जास्त त्रास देतात ते सल्फाइडचे (गंधकयुक्त खनिजांचे) बारीक कण. ऑस्मियम खडकात अब्जात जेमतेम 3-4 भाग, आणि तेही बहुतेक याच कणांत. त्यामुळे एकाच तुकड्याच्या दोन चिमट्यांचे आकडे जुळत नाहीत. भुकटी भरपूर दळून, नीट मिसळून, निदान दोनदा मोजावी.

उद्रेकाच्या वेळी मुरलेल्या ऱ्हेनियमचा परिणाम वजा करून, वितळल्यावर ऱ्हेनियम उरलेच नाही असे गृहीत धरून हिशेब करतात. थोडेफार उरले असेल तर खरे वय याहून जास्त, म्हणून आलेला आकडा किमान वय समजावा. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीचा किंबरलाइट जेमतेम 9 कोटी वर्षांचा आहे, पण कापवाल या तिथल्या प्राचीन भूखंडाखालून अशा शिलारसाने आणलेल्या अनेक तुकड्यांचे किमान वय 250 कोटींच्या पुढे भरते.