'डेडलिएस्ट कॅच'मधला धोका खरा आहे, पण तो फक्त लाटेत शोधू नका

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अलास्काच्या खेकडेमारीवरच्या 'डेडलिएस्ट कॅच' या टीव्ही कार्यक्रमात दाखवतात तेवढा धोका खरोखर असतो की टीव्हीसाठी रंगवलेला? आणि तुमचा एकवीस वर्षांचा मुलगा म्हणतोय, 'एका हंगामात वर्षाची कमाई होते, मी तिकडे जातो', तर त्याला काय सांगायचं? मी सत्तावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, शेवटची बरीचशी चीफ ऑफिसर म्हणून. खेकड्यांच्या बोटीवर मी कधी काम केलेलं नाही. पण त्या पाण्यातून भर हिवाळ्यात गेलोय, आणि जहाजात माल कसा भरायचा, तोल कसा राखायचा हेच माझं काम होतं. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे.

धोका खरा आहे. फक्त कॅमेरा जिथे रोखलेला असतो, तिथे तो सगळ्यात मोठा नसतो.

पडद्यावर आपल्याला काय दिसतं? डेकवर फुटणारी लाट, घसरून पडणारा नवशिका पोरगा, क्रेनला लटकून झुलणारा पिंजरा, ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतून, ओरडणारा कॅप्टन. यात बोटं तुटतात, बरगड्या मोडतात, एखादा माणूस समुद्रातही जातो. आठवड्यांचं चित्रीकरण पाऊण तासात बसवायचं म्हणून हे सगळं एकामागोमाग येतं, एवढाच टीव्हीचा वाटा. पण एका वेळी पाच-सहा माणसं जातात ती बोट उलटल्यामुळे. आणि बोट उलटण्यात लाटेइतकाच, बहुतेकदा लाटेपेक्षा जास्त, हात वजनाचा असतो.

तो पिंजरा नीट बघा. लोखंडी चौकट, जवळजवळ सात फूट लांब, सात फूट रुंद, तीन फूट उंच, भोवती जाळी. रिकाम्याचं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास. असे दीडशे-दोनशे पिंजरे डेकवर थरावर थर रचून बोट अलास्कातल्या डच हार्बर बंदरातून निघते. शंभर-सव्वाशे फुटांची बोट, आणि पाण्याच्या वर पन्नास ते पासष्ट टन लोखंड. खाली खेकडे जिवंत ठेवायच्या टाक्या असतात, त्यांत समुद्राचं पाणी सतत खेळवावं लागतं, कारण मेलेला खेकडा कारखाना घेत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर ते वजन तळाला राहतं आणि बोटीला आधारच होतो. तीच अर्धी असेल तर बोट कलली की आतलं पाणीही त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं.

त्यात बर्फ. समुद्राचं पाणी उणे दोन अंशांच्या जरा अलीकडे गोठतं. हवा त्याहून बरीच थंड आणि वारा जोराचा असला की उडालेला तुषार लोखंडाला लागतो तिथेच चिकटतो. पिंजऱ्यांची रास म्हणजे या बर्फासाठी मांडलेलं भलंमोठं जाळंच. प्रत्येक गज, प्रत्येक दोरा बर्फ धरतो. आणि वारा एका बाजूचा असला की बर्फही एकाच बाजूला चढतो.

आम्ही एकदा जानेवारीत व्हँकुव्हरहून गहू घेऊन जपानला निघालो होतो. पॅसिफिकचा जवळचा मार्ग अलास्काच्या ॲल्युशियन बेटांना लागून जातो, त्या बेटांमधल्या युनिमॅक पास या वाटेतून आत शिरलं की बेरिंग समुद्र. सकाळी पुढच्या डेकवर गेलो तर मनगटाएवढं रेलिंग मांडीएवढं झालेलं, वर पांढरी गुळगुळीत साल. बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, लाकडी हातोडे वाटले आणि आम्ही आळीपाळीने तीन तास बर्फ फोडत होतो. आमचं जहाज 180 मीटरचं, पोटात हजारो टन गहू. तेवढ्या बर्फाने त्याला काही झालं नसतं. आदल्या रात्री मात्र क्षितिजावर पिवळट दिव्यांचा एक पुंजका दिसला होता. लाटेवर चढला की दिसायचा, उतरला की गायब. खेकड्यांची बोट होती, डेकवर काम चालू होतं. सकाळी हातात हातोडा असताना मला तीच बोट आठवत राहिली. आमच्या रेलिंगवर जे चढलं ते तिच्या पिंजऱ्यांवरही चढलं असणार.

आता एक गोष्ट सांगतो जी कार्यक्रम बघताना उलटी वाटते. बोट झटक्याने डोलते, माणसं इकडून तिकडे आपटतात, ते बघून आपल्या पोटात गोळा येतो. पण तशी झटकन सावरणारी बोट तब्येतीने चांगली असते. भीती वाटायला हवी ती सावकाश, मऊ डोलणाऱ्या बोटीची. डोक्याशी जड झालेली बोट कलते, टोकाला जाऊन क्षणभर तिथेच थांबते, मग आळसावल्यासारखी परत येते. आत झोपलेल्या माणसाला तो डुलकीचा झोका वाटतो. आमच्याकडे ज्युनिअरला पहिल्याच वर्षी शिकवतात की असा झोका जाणवला तर कॅप्टनला उठवायचं, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

कार्यक्रम 12 एप्रिल 2005 ला सुरू झाला. पहिल्या सीझनचं चित्रीकरण चालू असतानाच, 15 जानेवारी 2005 ला, स्नो क्रॅब या जातीच्या खेकड्याचा हंगाम उघडला त्याच दिवशी, 'बिग व्हॅली' ही खेकड्यांची बोट बुडाली. सहा जणांतला एकच वाचला. बोटीवर तिच्या कागदपत्रांत परवानगी होती त्याहून जास्त पिंजरे होते. त्याच दिवशी दुसऱ्या एका बोटीवरून एक माणूस समुद्रात पडून गेला. 11 फेब्रुवारी 2017 ला सेंट जॉर्ज बेटाजवळ 'डेस्टिनेशन' गेली, सहाच्या सहा जण. मदतीची एक हाक नाही, फक्त आपोआप सुटणारा इशारा. बर्फ चढत होता आणि तो वेळेत काढला गेला नाही, असं चौकशीत निघालं. 31 डिसेंबर 2019 ला 'स्कँडीज रोज'चे पाच गेले, दोघांना हेलिकॉप्टरने उचललं. तिथे एका बाजूला चढलेला बर्फ तर होताच, शिवाय किती पिंजरे चालतील हे सांगणारी तिची तोलाची पुस्तिकाच चुकीची होती. हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस नीट झोप लागली नाही. कॅप्टन ज्या कागदावर विश्वास ठेवून निघतो तोच चुकीचा असेल तर त्याने काय करायचं?

त्याच समुद्रात आपली माणसंही गेली आहेत, हे इथे बहुतेकांना माहीत नसतं. 'बिग व्हॅली'च्या पाच-सहा आठवडे आधी, 8 डिसेंबर 2004 ला, सोयाबीन घेऊन सिॲटलहून चीनकडे निघालेलं 'सेलेंदांग आयू' हे जहाज इंजिन बंद पडून वाहत उनालास्का बेटावर आपटलं आणि दोन तुकडे झाले. खलाशांत भारतीय आणि फिलिपिनो होते. त्यांना उचलणारं कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर लाटेच्या तडाख्याने कोसळलं आणि सहा खलाशी गेले. डच हार्बर याच उनालास्काला लागून असलेल्या छोट्या बेटावर आहे.

मग काही सुधारलं का? बरंच सुधारलं, आणि ते टीव्हीवर फारसं दिसत नाही कारण त्यात दाखवण्यासारखं काही घडत नाही. 1990 च्या दशकात बेरिंग समुद्राच्या खेकडेमारीत सत्तरच्या वर माणसं गेली. 1999 पासून हंगामाआधी कोस्ट गार्डची माणसं धक्क्यावर येऊन डेकवरचे पिंजरे मोजायला लागली, पुस्तिकेशी ताडून बघायला लागली, आणि मृत्यूंचं प्रमाण खाली आलं. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीत खरे वीर म्हणजे धक्क्यावर वही घेऊन उभी असलेली ती माणसं.

दुसरा बदल 2005 च्या ऑगस्टचा. तोवर सगळ्यांना एकाच वेळी सोडायचे आणि एकूण मर्यादा भरली की हंगाम बंद. किंग क्रॅब या दुसऱ्या जातीचा हंगाम तीन-चार दिवसांत उरकायचा. वादळ असो नसो, थांबला तो हरला. पहिल्या सीझनमध्ये दिसते ती त्या शर्यतीची शेवटची फेरी. नंतर कोणी किती खेकडा पकडायचा तो प्रत्येकाचा वाटा आधीच ठरला, वादळात बंदरात थांबता यायला लागलं. पण अडीचशेच्या आसपास असलेल्या बोटी शंभराच्या आत आल्या, शेकडो खलाशांची कामं गेली, आणि ज्यांची राहिली त्यांच्या हिश्शातून आधी, तो पकडायचा वाटा ज्याच्या नावावर आहे त्या मालकाचं भाडं कापलं जायला लागलं. जीव वाचले याचा मला आनंद आहे, पण ती किंमत कोणी मोजली हेही विसरू नये.

पुढे तर अमेरिकेच्या मासेमारीतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला गेला तेव्हा ओरेगन-वॉशिंग्टनकडची डंजनेस खेकड्याची मासेमारी बेरिंगहूनही जीवघेणी निघाली. छोट्या बोटी, आणि नदीच्या मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटा ओलांडून रोजचं जाणं-येणं. आपल्या कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी ज्यांनी होडी हाकली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता मुलाबद्दल. त्याला शांतपणे तीन गोष्टी सांगा. तिथे पगार नसतो, हिस्सा असतो. डिझेल, आमिष, जेवण वजा होऊन उरेल त्यातला, आणि नवशिक्याचा सगळ्यात लहान. खेकडा मिळाला नाही तर हिस्साही नाही. दुसरं, खेकडाच कमी झालाय. 2018 आणि 2019 मध्ये तळाचं पाणी तापलं, थंड पाण्यात राहणाऱ्या स्नो क्रॅबची भूक वाढली, खायला पुरेना, आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजाने सुमारे 10 अब्ज खेकडे नाहीसे झाले. ऑक्टोबर 2022 मध्ये तो हंगाम इतिहासात पहिल्यांदा रद्द झाला. ब्रिस्टल बेचा रेड किंग क्रॅब तर 2021 आणि 2022 अशी लागोपाठ दोन वर्षं बंद होता. 2024 मध्ये स्नो क्रॅब पुन्हा उघडला तो जेमतेम 47 लाख पौंडांसाठी; चार वर्षांपूर्वी साडेचार कोटी पौंड होता. पिढ्यान् पिढ्या हेच करणारी तिथली कुटुंबं रिकामी बसली होती, तिथे नवख्याला कोण घेणार? तिसरं, अमेरिकेत काम करायचा हक्क असल्याशिवाय त्या बोटीवर कोणी उभं करत नाही. 'व्हिसासकट नोकरी देतो' म्हणून पैसे मागणारा कोणीही असो, एक रुपया देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचे असेच तीन लाख गेले.

पण त्याला समुद्राचीच ओढ असेल तर त्याचं मन मोडू नका. डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याची मान्यता असलेल्या संस्थेतूनच प्रशिक्षण घ्यायचं, आणि नोकरी देणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांची भरती करण्याचा, परवाना आहे का हे डीजीच्या संकेतस्थळावर तपासायचं. भरतीसाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमाविरुद्ध आहे. तो बोलायला तयार असेल तर मला निरोप पाठवा, मी त्याच्याशी बोलेन.

आणि पुढचा भाग त्याच्याबरोबर बसून बघा. बोट बंदराबाहेर पडते तेव्हा पिंजऱ्यांचे थर किती आहेत ते त्याला मोजायला सांगा. थंडीचा भाग आला की रेलिंग किती जाड दिसतंय ते बघायला सांगा, आणि कलल्यावर बोट किती वेळात परत सरळ होते तेही.