कळवलं होतं, पण कळलं कुणाला?

“पोट्टं आठवीत गेलं अन् त्याचं तोंडच शिवलं मॅडम. शायेत काय चालते, मले काईच कयत नाई. इचारलं का म्हन्ते, ‘काई नाई’. अन् शायेतून बोलावनं आलं का समजून घ्याचं, काईतरी लफडं हाय.”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत मी पंधरवड्यातून एकदा समुपदेशनाला बसते. दोन खुर्च्या, एक पंखा, तोही लाइन असली तर. ही ताई सोयाबीनच्या सोंगणीवरून सरळ आली होती. विळा पिशवीत, पदराला भुसा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) तिचा प्रश्न मला नवा नव्हता. सहावी ते आठवीच्या मुलांच्या आया हेच घेऊन येतात आणि माझं उत्तरही एव्हाना गुळगुळीत झालं होतं. या वयात पोरं घरापेक्षा दोस्तांना जास्त सांगतात, फार खोदू नका. ‘आज काय शिकवलं’ असं दारातच अडवून विचारण्यापेक्षा जेवताना विचारा, आज खिचडीला कोणाच्या शेजारी बसला होतास. उत्तर खोटं नाही. तिलाही मी तेच दिलं. वर सांगितलं, शनिवारी अकराला पालक सभा आहे, जाऊन या.

ती गेली नाही. जाणार कशी? सोंगणी एकराच्या हुंड्यानं, म्हणजे एकरामागे ठरलेल्या रकमेवर घेतलेली. सहा बायांच्या टोळीतून एक निघाली की तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, बाकीच्या पाच जणींनी ओढायची, नाही तर तिचा वाटा कापायचा. मी या भागात इतकी वर्षं फिरते आणि सल्ला देताना हे माझ्या डोक्यात आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या खेपेला शाळेत गेले, तर वर्गशिक्षक आधीच तापलेले. बत्तीस मुलांचा वर्ग, सभेला पालक पाच, त्यातले दोन आजोबा. “सगळं ग्रुपवर टाकतो मॅडम. सभा, चाचणी, फॉर्म, सुट्टी. वाचतात सगळे. येत मात्र कोणी नाही. पालकांना पडलेलीच नाही.”

‘पालकांना पडलेलीच नाही’ हे मी इतक्या शिक्षकखोल्यांत ऐकलंय की ते ऐकलं की माझ्या हातातला चहा गार होतो. पण या वेळी मी अडखळले ते ‘वाचतात’ या शब्दापाशी. मी म्हटलं, कोण वाचतं ते दाखवता का? सरांनी मेसेजवर बोट दाबून धरलं आणि वाचणाऱ्यांची यादी उघडली. या ताईच्या घरचा नंबर प्रत्येक मेसेजखाली होता. वेळ दर वेळी तीच, सव्वापाचच्या मागेपुढे. शाळा सुटते पाचला. त्या दिवसांत मायबाप वावरातून घरी येतात दिवे लागताना.

घरात मोठा फोन एकच, दिवसभर घरी चार्जिंगला. दाखल-खारीज रजिस्टरात नंबर त्याचाच. ताईच्या कमरेच्या पिशवीत बटनाचा साधा फोन असतो, त्याचा नंबर शाळेत कुठेच नव्हता. कोणी कधी मागितलाच नव्हता. म्हणजे शाळेचं सगळं टपाल ज्याच्याबद्दल होतं, त्याच्याच हाती पडत होतं, आणि तो ते उडवून टाकत होता.

मुलाशी बोलायला बसले तेव्हा ‘का उडवलेस’ असं मी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की सरांच्या मेसेजमधला कोणता मायला दाखवण्याजोगा होता आणि कोणता नव्हता. त्यानं बराच वेळ खिडकीच्या गजावरचा रंग नखानं खरवडला. मग म्हणाला, “दाखवण्यासारखा आलाच नाई ना मॅडम. आला असता तं ठेवला असता.”

मग पोळ्याची गोष्ट निघाली. पोळ्याच्या दोन दिवस आधी ग्रुपवर एक यादी पडली होती, ‘गृहपाठ अपूर्ण’, सात नावं, प्रत्येकापुढे लाल फुली. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे, झडत्या, म्हणजे पोळ्याला चालीत म्हणायची कवनं, रंगात आलेल्या. त्या संपल्या आणि शेजारच्या काकानं खिशातून फोन काढून ती सात नावं झडतीच्याच चालीत म्हटली. लोक हसले. बापानं बैलाचा कासरा एका हातात धरून दुसऱ्या हातानं पोराच्या कानाखाली ठेवून दिली, सगळ्या गावासमोर. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान बहिणीचा लाकडी बैल घेऊन जायचं कबूल केलेलं होतं, तो गेला नाही. त्या संध्याकाळपासून सरांचा मेसेज आला की उघडायचा आणि उडवायचा. ग्रुपवर तो राहतोच, फक्त या फोनवरून जातो, हे त्यालाही ठाऊक होतं. घरच्यांना ठाऊक नव्हतं.

सर वाईट माणूस नाहीत. तालुक्याहून रोज मोटारसायकलनं येतात, रात्री नऊनंतर घरी बसून ती यादी टाकली होती. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना मारण्यासोबत त्यांच्या मानसिक छळालाही मनाई करतं, हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांना ते लागलं. “मी हात लावला नाही मॅडम.” खरंच होतं. हात बापाचा होता, पण नावं काकाच्या खिशापर्यंत सरांनीच पोचवली होती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, मग ज्याचं राहिलं त्याच्या घरी कळवायचंच नाही का? कळवायचं की. पण त्याच्याच घरी, तोंडी, आणि त्या घराशी वर्षातलं पहिलं बोलणं ते नसावं. मी इतकंच म्हणू शकले. जून संपताना शाळा उघडते आणि पोळा येतो ऑगस्ट-सप्टेंबरात. तेवढ्या काळात या घराला शाळेकडून आलेलं एकमेव वैयक्तिक म्हणावं असं काही होतं, ते म्हणजे ती लाल फुली.

उडवलेल्या मेसेजांत आणखी एक होता आणि त्यानं माझी झोप घालवली. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएसची परीक्षा असते. आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची ही केंद्राची शिष्यवृत्ती. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत किमान ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० चालतात. या मुलाला सातवीत ६१ होते. उत्पन्नाचा दाखला आणा, असा सरांचा मेसेज पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेला होता. मुलानं तो नीट वाचलासुद्धा नव्हता. मुदतीला आता आठवडा उरला होता, आणि दाखला म्हणजे आधी तलाठी, मग सेतू, मग तहसील.

मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, इथलं इथंच राहील. त्यामुळे मी पेचात. त्याला सरळ सांगितलं, हे एक मला झाकून ठेवता येणार नाही, तुझ्याच चार वर्षांचा प्रश्न आहे. तू सांगतोस, का आपण दोघं मिळून सांगू? तो म्हणाला, “मायले मी सांगतो. बाबाले नाई.” चालेल म्हटलं.

पुढचं ताईनं सांगितलं. रात्री भाकरी थापताना तो चुलीपाशी येऊन बसला, फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ती रागावली का, असं मी विचारलं. “राग तं आलाच जी. पन भाकर तव्यावर होती.” भाकर उलटेपर्यंत ती गप्प राहिली आणि मग एकच विचारलं, दाखल्याले काय काय लागते? दुसऱ्या दिवशी टोळीतल्या बायांनी तिची पात ओढली आणि ती तलाठ्याकडे गेली.

इकडे सरांशी माझं ठरलं ते साधं होतं. रजिस्टरात वडिलांच्या नंबराखाली आईचा नंबर लिहायचा, तिच्या हातात जो फोन असतो त्याचा. आठवड्याला चार घरी फोन करायचे. मेसेज नाही, आवाज. त्या मुलाबद्दल आठवडाभरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एक काहीतरी सांगायचं. ‘हुशार आहे, प्रगती चांगली आहे’ असलं प्रगतिपुस्तकातलं वाक्य नको, आईला त्यातून काही दिसत नाही. चार घरं धरली तर बत्तीस मुलं आठ आठवड्यांत होतात. सर म्हणाले, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, पोषण आहाराची ऑनलाइन माहिती, त्यात हे. मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं खरंच आहे.

पहिला फोन या ताईला गेला तेव्हा ती कापसात होती. पहिलाच वेचा, ओटी अर्धी भरलेली. अनोळखी नंबर, आणि पलीकडून “मी शाळेतून सर बोलतोय” एवढं ऐकलं आणि ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, मटकन बसली. “काय झालं जी? पडला का कुठी?” सरांना आधी पोरगा धडधाकट आहे हेच दोनदा सांगावं लागलं. मग सांगितलं, की काल परसबागेतले वाफे मोजताना बाकीचे वहीत आकडेमोड करत होते तेव्हा यानं तोंडीच क्षेत्रफळ सांगितलं, अन् बरोबर. ताईला क्षेत्रफळ हा शब्द नवा. पण घरी वावराचा हिशोब पोरगाच बापाला करून देतो, धुरा सोडून किती बियाणं लागंल ते. “हे तं घरी बी करते,” ती म्हणाली. सरांना हे माहीत नव्हतं. मला विचाराल तर त्या फोनमधली खरी बातमी उलट्या दिशेनं गेली.

सभेची वेळही बदलली, थोड्या कुरबुरीनंतर. गावचा बाजार बुधवारी. त्या दिवशी मजुरीचा चुकारा होतो, दुपारनंतर वावरात कोणी नसतं आणि बाजाराचं मैदान शाळेच्या कुंपणाला लागून. आता बुधवारी तीन ते पाच सर वर्गाच्या दारात खुर्ची टाकून बसतात. बाया भाजीची पिशवी खाली ठेवतात, वही उलटतात, दोन शब्द बोलतात, जातात. सभा म्हणावी असं त्यात काही नाही. हजेरीच्या वहीत त्याला काय म्हणायचं, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

अशाच एका बुधवारी ताईनं सहज सांगितलं, की ती शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. मी चमकले. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत आणि निम्म्या बाया. “माही सही हाय जी त्या रजिस्टरात. बैठकीले मी कधी गेली नाई. पोट्टाच रजिस्टर घेऊन याचा सहीले.” तेही टपाल त्याच्याच हातून. ती पुढच्या बैठकीला गेली का? गेली, आणि बोलली काही नाही. त्याच्या पुढच्या बैठकीत तिनं मुलींच्या संडासाच्या कडीबद्दल विचारलं.

मुलगा घरी फार बोलायला लागला, असं काही झालेलं नाही. ‘काई नाई’ अजून चालूच आहे, तेरा वर्षांच्या पोराकडून मी त्याहून जास्त मागणारही नाही. फोन दिवसा आता माजघरात असतो. बापाला मेसेज उडवल्याचं कोणी सांगितलेलं नाही, निदान तोंडानं तरी.

फॉर्म गेला त्याच्या दुसऱ्या बुधवारी मी शाळेतच होते. बाप फाटकापाशी आला, गाडी बंद केली नाही, उतरलाही नाही. सर दारातून उठून फाटकापर्यंत गेले.

“फॉर्म गेला का जी?”

“गेला.”

“बरं.” त्यानं गिअर टाकला, मग क्लच धरून पुन्हा थांबला. “वाफे मोजते म्हने थो.”

“मोजतो. तोंडी.”

“हं,” म्हणाला, आणि बाजाराकडे वळला.